झोपाळ्याच्या उंचीची गाडी

पापनाशमच्या बसची पहिली पायरी किती उंच असते, हे मला पस्तिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. मी ती न बघता चढत असे. त्या दिवशी तंजावूरच्या जुन्या बसस्टँडवर अम्मानं एक हात दांड्याला लावला, दुसरा माझ्या खांद्यावर ठेवला, उजवा पाय उचलला, आणि तो पायरीपर्यंत पोचलाच नाही. मागून माणसं रेटत होती. कंडक्टरनं शिट्टी मारली. अम्मानं पाय खाली घेतला आणि म्हणाली, "जाऊं दे ही. पुढची घेऊं." पुढचीही तिला न घेताच गेली. मावशीसाठी केलेल्या सांज्याच्या पोळ्यांचा डबा घेऊन आम्ही रिक्षानं घरी परतलो आणि त्या पोळ्या मीच दोन दिवस खाल्ल्या.

मावशी म्हणजे अम्माची थोरली बहीण, तिची अक्का. लग्न होऊन पापनाशमला गेली ती तिथलीच झाली. मुलाची भातशेती, एक सून, आणि दारात मोटारसायकल. दर महिन्याला अम्मा तिच्याकडे जायची, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. दिवसभर दोघी काय बोलायच्या कोण जाणे, पण अम्मा परत आली की घरात दोन दिवस उजेड असायचा. अप्पा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मी बँकेत, घरात आम्ही दोघीच. आमच्या मराठीत तिच्याशी मी बोलायचे, पण मी घाईत बोलायचे. अक्काशी ती सावकाश बोलायची.

आमच्याकडे त्याच सुमाराला टेलिफोन आला होता. पण मावशीचे कान पार गेलेले. समोर बसून, डाव्या कानाशी तोंड नेऊन अम्मा बोलली तरच तिला कळे. फोन तिनं एकदा शंखासारखा धरला, "कोण? कोण?" असं ओरडली आणि सुनेच्या हाती देऊन टाकला. मग निरोप सुनेमार्फत. आणि अम्मानं मला सक्त ताकीद दिलेली, "गुडघ्याचं कुणाला सांगूं नक्को. अक्का रडत बसेल. घरीं कामं आहेत म्हणून सांग." मी सांगितलं. पहिल्या महिन्यात पापनाशमहून निरोप आला, कधी येतेस? मग आला, येणार आहेस का? मग नुसतंच, इथे सगळं बरं आहे. पोंगल झाला आणि काहीच आलं नाही. अम्मा फोनच्या शेजारी बसून फुलं ओवायची आणि फोनकडे बघायची नाही. ते मला बघवेना.

टॅक्सी करून जा म्हटलं तर एकदा गेली आणि तासाभरात परत आली. "तो ड्रायव्हर बिचारा उन्हांत उभा. त्याला बाहेर ठेवून मी आंत काय बोलूं?" पुन्हा टॅक्सीचं नाव काढू दिलं नाही.

तेव्हा मी एके सकाळी कॉफी पिताना जाहीर केलं, "आपण गाडी घेऊ या."

खरं सांगायचं तर मला लहानपणापासून गाडीचं वेड. गल्लीत कुणाची गाडी येऊन थांबली की मी तिच्या काचेला नाक लावून आत बघायचे, आणि त्यासाठी मार खाल्लाय. बँकेनं मधली काही वर्षं मला पुण्याला धाडलं होतं. तिथे मी दोन गोष्टी शिकले, देवनागरी वाचायला-लिहायला आणि गाडी चालवायला. माझं बोलणं ऐकून तिथली मंडळी मी एखाद्या बखरीतून उठून आल्यासारखी हसत, पण ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर म्हणाले होते, बाई, हात चांगला आहे. लायसन्स पाकिटात कुजत होतं. आता बँक कर्मचाऱ्यांना गाडीसाठी कर्ज द्यायला लागली होती, नवनव्या गाड्या रस्त्यावर येत होत्या, ज्यांना परवडत होतं ते नव्यांच्या मागे लागले होते आणि त्यांच्या जुन्या गाड्या आमच्यासारख्यांची वाट बघत होत्या. मी अशी उतावीळ झाले की कॅश मोजताना दोनदा चुकले.

अम्मा म्हणाली, "तूं चालवणार? मग बरं."

एवढंच. तिला गाडीचं काही नव्हतं. मी चालवणार म्हणजे कुणी उन्हात उभं राहणार नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं.

रविवारमागून रविवार मी एका दलालाबरोबर हिंडले. कपाळाला चंदन, हातात किल्ल्यांचा जुडगा. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तंजावूर जिल्ह्यातली प्रत्येक विकाऊ गाडी कुठल्यातरी डॉक्टरनं चालवलेली होती आणि फक्त देवळापर्यंत. मी बॉनेट उघडायचे, वाकून बघायचे, काही कळत नसताना "हं" म्हणायचे. गाडीखाली तेलाचे थेंब दिसले की माझं तोंड बघून तो म्हणायचा, काल पाऊस पडला, मॅडम. तेलाचा पाऊस! मी चिडून निघून यायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा जायचे. एवढी मजा मला वर्षानुवर्षं आली नव्हती.

मग राजवाड्याजवळच्या एका गल्लीतल्या इंजिनियरसाहेबांच्या गाडीचा पत्ता लागला. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, मुलगा अमेरिकेत, तिकडे जाऊन राहायचं म्हणून गाडी काढायची. आणि घर मराठी! आमच्यासारखंच कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं. अम्मा लगेच म्हणाली, "मी पण येतें." परक्याची गाडी बघायला तिला नको होतं, पण मराठी घर म्हटल्यावर तिनं नवी साडी काढली. आपल्या माणसांकडे रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून ताट तयार केलं. विड्याची पानं, सुपारी, नारळ, केळी, एक खण. अप्पा गेल्यापासून ती स्वतःच्या हातानं तांबूल देत नसे. ताट माझ्याकडे देऊन म्हणाली, "त्या घरच्या बाईंच्या हातीं दे. विसरूं नक्को."

मी गाडी बघितली आणि सगळंच विसरले. अंगणात आवरणाखाली ती उभी होती. साहेबांनी आवरण काढलं, आणि पांढरीशुभ्र, लहानशी, जपानी बनावटीची ती गाडी अशी चमकली की माझ्या तोंडून "अय्यो" निघालं. आत एसी. कॅसेट लावायची सोय. काचेवर एक ओरखडा नाही, सीटांवर एक डाग नाही. बाई आत कॉफी करत होत्या, अम्मा त्यांच्यामागे थेट स्वयंपाकघरात गेलेली, तिथून डांगर पचडीत लिंबू घालायचं की ताक यावर चर्चा ऐकू येत होती. ताटानं माझे दोन्ही हात अडकलेले, आणि मला स्टिअरिंगला हात लावायचा होता. मी ते ताट समोर उभ्या असलेल्या साहेबांच्या हातात दिलं. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग ताट कपाळाला लावलं आणि किल्ली माझ्यापुढे धरली.

मी आपली खूश. मोठ्या देवळाला वळसा घालून आले. काय पळाली ती! गियर लोण्यातून फिरावा तसा फिरत होता. शेजारी बसून साहेब सांगत होते, किती जपून वापरली, दर आठवड्याला स्वतः पुसली. परत आलो तेव्हा बाईंचा आणि अम्माचा नात्याचा धागा कुठेतरी चुलत आत्याच्या सासरापर्यंत जाऊन पोचला होता. अम्मा गाडीकडे न बघताच माझ्याबरोबर रिक्षात बसली.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. त्रिचीचं एक गिऱ्हाईक होतं, त्याला नाही म्हणून कळवलं. उद्या राहूकाळ टळला की गाडी घेऊन येतो, आईंना फिरवून आणा, कागदपत्रं मागाहून करू.

"पण मी अजून घेते म्हटलेलं नाही," मी म्हणाले.

"असं कसं? तांबूल दिलंत की."

मी फोन ठेवला आणि अम्माकडे बघितलं. तिला सगळं आधी कळलं. "कुणाच्या हातीं दिलंस?" मी सांगितलं. "गाडीजवळ उभं राहून? यजमानांच्या हातीं?" तिनं कपाळावर हात मारून घेतला. आमच्या लोकांत घर असो, जमीन असो, लग्न असो, विकणाऱ्या घरच्या पुरुषाच्या हाती तांबूल गेलं की बोलणं संपलं. कागद नंतर होतात. माझ्या चुलत्याची एक म्हैस अशीच आमच्या गळ्यात पडली होती, ती पुढे सगळ्यांना लाथा मारत जगली. बाईंच्या हाती दिलं असतं तर ती पाहुणचाराची रीत झाली असती. मी ते पुरुषाच्या हाती दिलं म्हणजे सौदा झाला.

"मी सांगते ना त्यांना, चूक झाली म्हणून," मी म्हणाले.

"दिलं तें दिलं," अम्मा म्हणाली. "तांबूल परत घेत नाहींत. गाडी चांगली आहे ना? मग सरी, झालं तर."

चांगली! मला तर आतून उकळ्या फुटत होत्या. चुकून का होईना, माझी झाली होती. मी रात्री अंथरुणात पडून गियर टाकत होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी गाडी दारात आणली, कॉफी घेतली आणि किल्ली देऊन देवळाकडे चालत गेले. शेजारपाजारचे सगळे बाहेर. समोरच्या बाईंनी लिंबं आणून चाकांखाली ठेवली, कुणी गाडीला कुंकू लावलं. अम्मानं दार उघडलं, पाठ करून बसायला गेली आणि खूप खाली, जमिनीवर बसावं तशी, धप्पकन गेली. मी म्हणाले, "बरं आहे?" ती म्हणाली, "बरं आहे." लिंबं चिरडून आम्ही निघालो.

मोठ्या देवळाला एक फेरी झाली. घराकडे वळणार तोच अम्मा म्हणाली, "आणखी एक फेरी मार." मारली. कॅनॉलच्या कडेनं गेलो, स्टेशनपाशी वळलो. घर दिसायला लागलं. ओट्यांवर अजून माणसं बसलेली. अम्मा म्हणाली, "आणखी एक." मी हसायला लागले. म्हटलं, बघा, हिला पण वेड लागलं! मी मोठमोठ्यानं बोलत होते, पापनाशमला कधी निघू, वाटेत अय्यमपेट्टैला थांबून इळनीर, शहाळ्याचं पाणी, पिऊ, मावशी काय म्हणेल. एसी चालू होता तरी अम्माच्या कपाळावर घाम होता. मी म्हटलं, एसी वाढवू? ती म्हणाली, "नक्को. मागच्या गल्लीत घे."

मागची गल्ली म्हणजे घरांची परसं, तिथे कुणी नसतं. मी गाडी थांबवली. अम्मा म्हणाली, "आतां मला हात दे."

तेव्हा मला कळलं. मी उतरून तिच्या बाजूला गेले, एक हात दिला, मग दोन्ही दिले. तिची दोन्ही ढोपरं छातीपर्यंत आलेली. ती निम्मी उठायची आणि परत सीटमध्ये जायची. शेवटी मी तिला काखेत धरून ओढलं तेव्हा तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. चार लोकांसमोर, त्या साहेबांच्या गाडीतून, असं ओढून काढावं लागू नये म्हणून ती दुखणारे गुडघे घेऊन गाव फिरत राहिली होती. आणि मी हसत होते.

परसदारानं आत आल्यावर ती झोपाळ्यावर टेकली. "सवय होईल," म्हणाली.

"कसली सवय होईल!" माझा आवाज चढला. "ज्या गाडीतून तुला उठता येत नाही ती घेऊन मी काय करू? ओवाळू तिला?"

"शब्द गेलाय."

"शब्दाला गुडघे नसतात!"

ती हसली नाही. म्हणाली, "त्यांनी दुसरं गिऱ्हाईक परत पाठवलं. परदेशीं जायचं आहे त्यांना. आपलींच माणसं. नाहीं, तूं जाऊन कांहीं बोलूं नक्को."

मी गेले. गाडी आणि किल्ली तर परत द्यायचीच होती. साहेब अजून देवळातून आले नव्हते, बाई एकट्या ओसरीत तांदूळ निवडत होत्या. मी मनात जुळवून नेलेलं सगळं विसरले आणि सरळ सांगून टाकलं, अम्माला त्यातून उठता येत नाही. मागच्या गल्लीत मी तिला ओढून काढली. आणि मला रडू आलं.

बाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि हसायला लागल्या. तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला वाटलं, आता मी इथेच भांडणार. त्या म्हणाल्या, "अगो, तें सीट एवढं नवं कां आहे म्हणून तुला वाटलं? मी त्यात एकदांच बसलें. गाडी आली त्या दिवशीं. मला काढायला यांना नि शेजाऱ्याला दोघांना यावं लागलं. तेव्हांपासून मी रिक्षानें जातें नि हे गाडी पुसतात."

मग दोघी मिळून हसलो.

साहेब आले. बाईंनी त्यांना पायातल्या चपला काढू दिल्या आणि विचारलं, "त्या ताटांतला खण कुणासाठीं होता?"

साहेब म्हणाले, तांबुलातला खण.

"खण काय तुम्ही शिवून घालणार? तें ताट मला आणलं होतं. हिच्या आईनें माझ्यासाठीं बांधून दिलं. तुम्ही मधेंच घेटलंत. दुसऱ्याच्या तांबुलावर सौदा होतो कुठें?"

साहेब इंजिनियर माणूस. त्यांनी पुष्कळ विचार केला. देव्हाऱ्याजवळून ते ताट आणलं, खणाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. "हें बरोबर आहे," ते म्हणाले आणि ताट तिच्या हाती दिलं. मग थोडं ओशाळून मला म्हणाले, त्रिचीवाल्याचा नंबर माझ्याकडे आहे. बाईंनी तिथल्या तिथे खण उलगडून अंगावर धरून बघितला. मी घरी जाऊन अम्माला हे सांगितलं, तेव्हा तिनं मला दोनदा सांगायला लावलं आणि मग झोपाळ्याला पायानं असा रेटा दिला की कड्या कुरकुरल्या.

त्या कुरकुरीनंच मला सुचलं. गुडघे इतके दुखत असताना ती या झोपाळ्यावरून दिवसातून किती वेळा उठते, आणि कधी हात मागत नाही! मी फुलं ओवायचा केळीच्या सोपट्याचा दोर घेतला, जमिनीपासून फळीपर्यंत धरला आणि तिथे गाठ मारली. दलालाला सांगितलं, यापुढे इंजिन, रंग, डॉक्टर, काही सांगू नकोस. गाडी आमच्या दारात आण. आधी अम्मा बसेल.

मग सुरू झाला दाखवण्याचा कार्यक्रम. एकेक गाडी धुऊनपुसून यायची. अम्मा ओट्यावर खुर्ची टाकून बसलेली, मी दोर घेऊन पुढे. दोर जुळला नाही तर दारातूनच पाठवणी. जुळला तर अम्मा उठून बसून बघायची आणि "नक्को" म्हणायची. एकीचं दार अर्धंच उघडे. एकीच्या सीटला मखमल लावलेली, तिच्यात नऊवारीचा काष्टा अडकून बसला आणि अम्मा सरकेना. त्या मखमलीचं दलालाला फार कौतुक होतं, त्याचं तोंड उतरलं. सगळी गल्ली यायला लागली. समोरच्या बाई मत द्यायच्या, ही काळी आहे, हिचं तोंड रागीट आहे. लग्नाच्या वयात मला बघायला कुणी आलं तेव्हा मी असले कार्यक्रम रडूनओरडून मोडून काढले होते. या वेळी मात्र मी सकाळपासून नटून तयार.

अंबॅसडर आली ओरत्तनाडूहून. एका राइस मिलवाल्याची. साईच्या रंगाची, जुनी, ऐसपैस, म्हातारी. तिच्याकडे बघून माझं मन बसलं. पांढऱ्या गाडीनंतर ही म्हणजे कपाट चालवायचं. गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मी दोर लावला. गाठ सीटच्या कडेवर येऊन टेकली. अम्मा ओट्यावरून उतरली, मागचं दार उघडलं, ते सताड उघडलं. तिनं पाठ केली, बसली, मग दोन्ही पाय एकदम उचलून आत घेतले, आणि गुळगुळीत रेक्झिनवरून सरकत मधोमध गेली. पाय लांब केले. पुढच्या सीटला लागले नाहीत. मग सरकत परत दाराशी आली, पाय बाहेर टेकले आणि उठली. नुसती उठली. कुणाचा हात नाही, दाराचा आधार नाही.

अम्मा म्हणाली, "थांब." आणि पुन्हा बसली, पुन्हा उठली. मग पलीकडच्या दारानं जाऊन बसली आणि अलीकडच्या दारानं उतरली. समोरच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. अम्माचं तोंड असं लाल झालं होतं की ती साठी उलटलेली वाटेना.

"तूं चालवून पाहा," ती मला म्हणाली. "तुला आवडली तरच."

क्लचला पाय पोचेना म्हणून मी घरातून उशी आणली. पहिला गियर कुठे आहे ते सापडायला वेळ लागला. पण ती निघाली आणि कोपऱ्यावरच्या खड्ड्यातून गेली, आणि आत काही कळलंच नाही. मागून अम्मा म्हणाली, "हें बरं. ऊंजलवर बसल्यासारखं." ऊंजल म्हणजे आमचा झोपाळा. रस्ता ओलांडणारी एक म्हैस थांबून आम्हाला वाट देऊन गेली. त्या पांढऱ्या गाडीला कुणी अशी वाट दिली नसती. मी हॉर्न दाबला. काय त्याचा आवाज! मी तो विनाकारण पुन्हा दाबला.

या वेळी ताट अम्मानं नीट बांधलं, मिलवाल्याच्या हाती द्यायला मला समोर उभं केलं आणि मी देईपर्यंत माझ्या कोपराला धरून राहिली.

पापनाशमला निघालो त्या सकाळी अम्मा उजाडायच्या आत तयार होती. सांज्याच्या पोळ्यांचे दोन डबे. भाताची शेतं नुकती कापलेली, रस्त्यावर लोकांनी धान मळायला पसरलेलं, मी त्यावरून हळू गाडी नेत होते आणि मनातून नाचत होते. अय्यमपेट्टैला इळनीरसाठी थांबू का विचारलं, तर म्हणाली, "येतांना." फोन करून कळवलं नव्हतं. कळवायचं तरी काय, ऐकणार कोण?

मावशी दारातल्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, बसून चिंच साफ करत होती. गाडीचा आवाज तिला आला नाही. गाडीची सावली अंगावर आली तेव्हा तिनं मान वर केली, अम्मा दार उघडून उतरताना तिला दिसली, आणि तिनं मान परत खाली घातली. चिंचोका काढला, बाजूला टाकला. अम्मा जाऊन तिच्याजवळ बसली. मावशी चिंचेकडेच बघत म्हणाली, "राग गेला काय तुझा?"

अम्मानं तिच्या डाव्या कानाशी तोंड नेलं. "कसला राग अक्का?"

"तें मला काय ठाऊक? तूं आली नाहींस. घरीं कामं आहेत म्हणून सांगटलंस. माझ्याकडे यायच्या आड तुझीं कामं कधीं आलीं होतीं? मी बसून आठवलं, काय बोललें मी हिला? मागल्या खेपेला तुझ्या भाजीला नांव ठेवलं, तेंच असणार म्हणून वाटलं. पोंगलला सुनेला म्हटलं, नक्को फोन करूं. ज्याला राग आहे त्याला कशाला छळायचं?"

अम्मानं मावशीचा चिंचेनं चिकट झालेला हात धरला आणि आपल्या गुडघ्यावर ठेवला. मावशीनं तो साडीवरून चाचपला. मग दुसरा चाचपला. बराच वेळ ती चाचपत राहिली. आणि मग तिनं त्याच चिकट हातानं अम्माच्या पाठीत एक धपाटा घातला.

"वेडे! गुडघा तर गुडघा म्हणून सांगावं. मला ऐकूं येत नाहीं, कळत पण नाहीं म्हणून वाटलं तुला?"

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि मी तिकडे पाठ करून गाडीची काच पुसायला लागले. सून बाहेर आली, तिला वाटलं कुणी गेलं.

कॉफी झाली, पोळ्या झाल्या, दुपार झाली. दोघी डाव्या कानाशी बोलत होत्या, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. संध्याकाळी निघायच्या वेळी मावशी काठी टेकत गाडीपाशी आली. तिनं मागचं दार उघडायला लावलं, पाठ करून बसली, दोन्ही पाय एकदम आत घेतले. कुणी शिकवलं नव्हतं. ती सरकत पलीकडे गेली आणि अम्मासाठी जागा केली.

मी अम्माला म्हटलं, विचार ना, कुठे जायचंय तिला. अम्मानं कानाशी ओरडून विचारलं.

"तंजावूरला," मावशी म्हणाली. "तुझ्या घरचा रस्ता विसरलें मी. पाहून ठेवतें. पुन्हा तूं आली नाहींस, तर मला यायला पायजे."

सून घरातून तिची साडी आणि औषधांची पिशवी घेऊन धावत आली. मी ती पुढच्या सीटवर ठेवली आणि गाडी सुरू केली.